उकंडजीचं उत्तर

निवृत्ती ओंडक्यावर उभा राहायचा आणि नजीर खाली खड्ड्यात. मधे आरा. आरा म्हणजे पुरुषभर लांबीची करवत, दोन्ही टोकांना आडवी मूठ. वरच्यानं ती उचलायची आणि गेरूच्या रेघेवर नेमकी धरायची, खालच्यानं ओढायची. लाकूड कापलं जातं ते ओढताना, उचलताना नाही. म्हणजे कापण्याचा जोर खालच्याचा, आणि फळी सरळ निघाली तर नाव वरच्याचं. भुसाही खालच्याच्याच डोळ्यांत. यात कोणी कोणावर अन्याय केला असं नाही. नजर ज्याची बरी तो वर जातो, पाठ ज्याची बरी तो खाली. निवृत्ती बारीक अंगाचा, डोळ्यानं तेज. नजीर रुंद, सावकाश. दोघे जोरकस असले तर आरा अडकतो. दोघे नाजूक असले तर दिवस जातो आणि ओंडका जागेवर राहतो. ही जोडी मात्र जमली होती.

गाव जळगाव जामोदच्या अलीकडं, सातपुडा दिसतो एवढ्या अंतरावर. तेव्हा वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेला होता. डोंगरातून येणाऱ्या प्रत्येक सागाच्या बुंध्यावर जंगल खात्याच्या हातोड्याचा ठसा असे. ठशाचा ओंडका वखारीत, वखारीतून खड्ड्यावर, आणि फळ्या झाल्या की बैलगाडीनं नांदुऱ्याच्या स्टेशनाला. वर्षभर दोघांचं आयुष्य एवढंच. फक्त माघात त्यांना गाव वेगळ्या नावानं ओळखे.

माघात भवानीची जत्रा भरायची. नैवेद्य झाला, दुपार कलली, की देवळापुढच्या मोकळ्या जागेत सोंगं निघत. वाघाचं सोंग येई, गोसाव्याचं येई, टोपीवाल्या साहेबाचं येई. ती दरसाल तीच. वाघ दरसाल तसाच डरकाळी फोडे, साहेब दरसाल तसाच घसरून पडे. एकच सोंग दरसाल पुढं सरकायचं. त्याला गावात ‘उकंडजीचं घर’ म्हणत. नवरा उकंडजी म्हणजे नजीर. बायको सारजाबाई म्हणजे निवृत्ती. मागच्या साली गोष्ट जिथं सोडली तिथून पुढं धरायची, असा रिवाज पडला होता. कोणी घातला हे कोणाला आठवत नव्हतं, पण मोडायची सोय नव्हती. वर्षभर माणसं रस्त्यात विचारत, “काहो, सारजा माहेरी गेल्ती, ते आली का?”

पहिल्या साली दोघं नुकते विशी ओलांडलेले होते. सारजा तेव्हा फार गरीब होती. तोंडावर पदर, मान खाली. गावाला वाटलं, काय सुरेख नवी नवरी केली आहे. खरी अडचण निराळी होती. निवृत्तीचा बाप जिवंत होता. बाप जिवंत असताना मिशी काढायची नाही. बापानं आदल्या रात्रीच बजावलं होतं, “मिशीले वस्तरा लावला तं पयले मले नदीवर नेऊन ठेव.” मग मिशी लपवायला पदर घेणं आलं. पदराआडून आवाज बाहेर जाईना, माणसांना कळेना सारजा बोलतेय की उगी उभी आहे. म्हणून निवृत्ती बोलण्याआधी खाकरायचा. खँ, आणि मग वाक्य. लोक त्या खाकरण्याला हसले.

दुसऱ्या साली तो दोनदा खाकरला. पुढं कधीतरी बाप गेला. सुतकात मिशी उतरली आणि निवृत्तीनं ती परत वाढवली नाही. आता पदराची गरज उरली नव्हती. सारजेचं तोंड उघडं झालं, जीभ मोकळी झाली, हातात उलथणं आलं. पण खाकरणं राहिलं. ते गेलं असतं तर लोकांनी पुन्हा मागून घेतलं असतं. काही सालांनी तर ती नुसती पुढं येऊन खाकरली तरी देवळाच्या पायऱ्या हसत.

उकंडजीचंही असंच झालं, फक्त उलटं.

पहिल्या साली उकंडजी मोताळ्याच्या बाजारातून बैलाऐवजी बकरी घेऊन आला होता. सारजा पदराआडून म्हणाली, “बैल आनाले गेल्ते ना तुम्ही?”

उकंडजीनं मान तिरपी केली. डोळा बारीक केला. “थांब, पाहू दे,” म्हणाला. मग सावकाश उत्तर दिलं, “अर्ध्या रस्त्यात ध्यानात आलं का आपल्याले वावर नाही.”

“मंग घरून कासरा काऊन नेला?”

“थांब, पाहू दे. बकरीलेही कासरा लागते.”

त्या दिवशी तिला एक हशा मिळाला तर त्याला दोन. नजीर खऱ्या आयुष्यातही असाच होता. विचारल्याशिवाय बोलायचा नाही, आणि विचारलं तर आधी मान तिरपी करून पाहायचा. सोंगासाठी त्यानं वेगळं काही केलंच नव्हतं. निवृत्तीनं मात्र सारजेची चाल आपल्या बायकोवरून, गोजरबाईवरून उचलली होती. घागर उतरवताना ती जराशी आपटते, रागावली की आवाज चढत नाही, उतरतो. गोजरबाईनं ते पहिल्याच साली ओळखलं आणि दोन दिवस भाकर ताटात न वाढता ताटाशेजारी ठेवली.

साल मागून साल गेलं. लोकांना ‘थांब, पाहू दे’ पाठ झालं. नजीरची मान तिरपी झाली की लोकच ओरडत, “थांब, पाहू दे!” आणि हसत. हसण्यात पुढचं उत्तर बुडून जाई. ओंडक्यावर उभं राहून निवृत्तीची नजर तयार झालेली. कुठं काय अडतं ते त्याला चटकन दिसे. त्यानं पाहिलं, उत्तर कोणाला ऐकू जात नाही, मधे उगाच खंड पडतो. मग त्यानं तो खंड भरून काढला. लोक हसले की सारजेनं लगेच उलथणं हाणायचं. हशावर हशा. एका साली एकदा, दुसऱ्या साली तीनदा. शेवटी उकंडजीला उत्तर उरलंच नाही. मान तिरपी, थांब पाहू दे, उलथणं. मान तिरपी, थांब पाहू दे, उलथणं. लोक पोट धरून हसत. महादेवराव पाटलांनी एका साली नारळाबरोबर सारजेला खण दिला. उकंडजीलाही काही द्यायचं त्यांच्या मनात आलं नाही.

मधल्या काळात त्या घरात आणखीही उलाढाली झाल्या. एका साली सारजेला दिवस गेले. गावच्या बायकांनी खरोखरच ओटी आणली. हिरवी चोळी, नारळ, तांदूळ. निवृत्तीनं पदर पसरून घेतली. नाही कसं म्हणायचं? पुढच्या साली चिंध्यांचं लेकरू दाखवलं. पण लेकरू हातात असलं की उलथणं धरता येईना, म्हणून त्याच्या पुढच्या साली ते आणलंच नाही. म्हातारी तानुबाई मात्र दरसाल पुढं बसून विचारायची, “सारजे, लेकरू कुठी हाय व?” निवृत्ती दरसाल सांगायचा, “मामाच्या गावाले गेलं, माय.” तानुबाईला ते पटायचं. फक्त एकदा म्हणाली, “लय दिवस ठेवलं बाई मामानं.”

मागच्या माघात गोष्ट इथवर आली होती: सारजेनं रागानं उकंडजीची बाज उचलून अंगणात टाकली आणि दार लावून घेतलं. उकंडजी बाजेवर बसला, मान तिरपी केली, “थांब, पाहू दे” म्हणाला. लोक हसत हसत घरी गेले.

यंदा पौष सरत आला तेव्हा निवृत्तीनं नवं सोंग डोक्यात जुळवायला घेतलं. दुपारी आऱ्याला धार लावायला दोघं खड्ड्याच्या काठावर बसले. निवृत्ती कानस चालवत होता. एक दात डावीकडं, एक उजवीकडं, प्रत्येक दाताला सारखे हात. नजीर आरा धरून होता.

“निवृत्ती, यंदा मी उभा राहत नाही,” नजीर म्हणाला.

“कुठी?”

“जत्रेत.”

निवृत्तीनं कानस थांबवली नाही. “उलथनं लागते का बे? लाकडाचं करू यंदा.”

“उलथन्याचं नाही.”

“मंग कायचं? भाभीनं मनाई केली?”

“ते तं पुढं बसून हसते.”  मग नजीरनं त्याच्या सवयीनं सावकाश सांगितलं. त्याची बहीण अमीरबी. तिच्या मुलीचा रिश्ता पाहायला मोताळ्याचे पाहुणे आले होते. बैठक भरली. थोरला भाऊ बद्रुद्दीन होता, मोहल्ल्यातली चार माणसं होती. सगळं बोलणं झाल्यावर मुलाच्या बापानं अदबीनं विचारलं, मामू, तुमचं काय म्हणणं? नजीरनं मान तिरपी केली. आणि बैठक हसली. सगळे हसले. बद्रुद्दीन हसला, पडद्याआडून अमीरबी हसली. कोणीतरी म्हणालं, थांब, पाहू दे! पाहुण्यांना कळेना, त्यांना सांगितलं, मग तेही हसले. तेवढ्यात शरबत आलं आणि बोलणं पुढं गेलं.

“अन् तुले काय सांगायचं होतं?” निवृत्तीनं विचारलं.

“काही वाईट सांगायचं नव्हतं. हो म्हनायचं होतं.”

कानस थांबली.

“लोक हसतेत, त्याच्यात माहा काय दोष?” निवृत्ती म्हणाला. “तुले हसतेत म्हनून तं आपलं नाव हाय. वाघाले कोन हसते?”

“लोक हसले ते हसले. तू काऊन घाई केली? मी उत्तर आनलं राहे.”

“कवा?”

“दरसाल. दरसाल आनतो अन् तसंच घरी नेतो.”

निवृत्तीला राग आला. “मंग सांगत जा ना बे आधी! मले काय सपन पडते?” असं काहीसं तो बोलला. नजीर खड्ड्यात उतरला. दोघांनी संध्याकाळपर्यंत आरा चालवला. फळी सरळ निघाली. हातांना भांडणाची खबर नव्हती.

निवृत्तीला आधी वाटलं, माणूस बदलू. रामराव तेल्याचा आवाज मोठा, मान तिरपी करायला काय अक्कल लागते? त्यानं रामरावाला बोलावलं, शिकवलं. रामरावानं मान अशी तिरपी केली की मानेत उसण भरल्यासारखी दिसली. पण अडचण ती नव्हतीच. बातमी विहिरीवर गेली आणि दुसऱ्या दिवशी मनकर्णाबाईनं निवृत्तीला वाटेत गाठलं. ही पाटलांच्या घरची विधवा आत्या. गावातल्या बायका तिच्या शब्दाबाहेर नव्हत्या.

“काहो निवृत्ती, सारजेनं पाट लावला म्हनते?”

“पाट कायचा आत्याबाई? उकंडजी तोच, मानूस दुसरा.”

“मानूस दुसरा अन् नवरा तोच? असं कुठी असते? नवरा जित्ता असून बाई दुसऱ्याच्या घरात राहीन, अन् तेही भवानीच्या दारी?”

“मंग उकंडजी मेला असं दाखवू.”

हे तोंडातून गेलं आणि निवृत्तीला कळलं, चुकलं. मनकर्णाबाईनं हात कमरेवर ठेवले. “जत्रेच्या दिशी कुंकू पुसता? ज्या बाईची आम्ही ओटी भरली तिचं? उभं राहून तं दाखव!”

मेलेला चालत नाही, बदललेला चालत नाही. निवृत्तीनं ठरवलं, उकंडजी डोंगरात कामाला गेला म्हणून सांगू आणि सारजा एकटीच उभी करू. लोक तिच्यासाठीच तर येतात. घरी त्यानं लुगडं नेसलं, उलथणं घेतलं आणि चुलीपुढं बसलेल्या गोजरबाईला म्हणाला, “पाह्य.”

तो खाकरला. दोन पावलं चालला. परत खाकरला. “गेला मेला डोंगरात,” म्हणाला आणि उलथणं उगारलं. मारायला समोर कोणी नव्हतं. हात तसाच वर राहिला. त्यानं आठवून पाहिलं, सारजा आणखी काय बोलते? काय करते? बोलते म्हणजे उकंडजीला बोलते. करते म्हणजे त्याला मारते. ती सकाळी उठून काय करत असेल, तिला काय आवडतं, ती लेकराला कुठं ठेवून आली, यातलं काही त्याला सांगता येईना. इतकी सालं तो तिचं लुगडं नेसत होता.

गोजरबाईनं भाकर उलटली. “हे कोन हाय?”

“सारजा. दुसरं कोन?”

“पयले ते मी होती. मले राग ये, पन मी होती. सारजा घागर ठेवे तशी मीच ठेवते म्हनून बाया मले चिडवत. आता हे कोनीच नाही. नुसती खाकरते अन् मारते. असी बाई कोनाच्या घरात हाय, सांगा बरं?”

“लोक हसतेत.”

“हसतेत. पडलेल्या साहेबालेही हसतेत.”

निवृत्ती लुगडं फेडून ओसरीवर बसला. गोजरबाईचा त्याला राग आला नाही, कारण ती खोटं बोलत नव्हती. लाकडात रेघ सुटते ती एकदम सुटत नाही. एका हाताला केसभर सुटते. ते डोळ्याला दिसत नाही, पुढच्या हाताला ती सुटलेलीच रेघ सरळ वाटते. शेवटी फळी निघते ती एका टोकाला दोन बोटं जाड आणि दुसऱ्या टोकाला अर्धं. असं काम त्याच्या हातून कधी झालं नव्हतं. इथं झालं होतं, आणि तो त्यावर खण घेऊन आला होता.

दुसऱ्या दिवशी काम उरकल्यावर तो नजीरच्या घरी गेला. नजीरची बायको बानो अंगणात शेणी रचत होती. त्याला पाहून तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला.

“या भाऊ. दुसरा नवरा नाही भेटला ना सारजेले?”

“तुम्हाले लय मजा वाटून राह्यली, भाभी.”

“वाटीनच ना. मीही हसते जत्रेत, खोटं काऊन बोलू? मंग घरी आलं का हे मले उत्तर ऐकवते.”

“कसी राहतेत?”

बानोनं एक शेणी थापटून बसवली. “चांगली राहतेत. काही काही.”

नजीर दारात येऊन उभा राहिला होता. निवृत्ती त्याच्याकडं वळला. माफी मागायची त्या दोघांत कधी पद्धत नव्हती. आरा अडकला तर ज्याच्या हातून अडकला तो पाचर ठोकतो, बोलत नाही.

“यंदा उत्तर दे,” निवृत्ती म्हणाला. “मी विचारीन, घरात येता का बाहीरच राहता? एवढंच. पुढं तू. आत्ता सांगून ठेव, म्हनजे त्याच्यावर काय बोलायचं ते मी जुळवतो.”

“नाही.”

“काऊन बे?”

“तुले सांगितलं तं तू मधात तुहं घालशीन. मी आधी सांगत नाही. तू थांबशीन का, ते सांग.”

“किती?”

“मी बोललो म्हनजे बोललो.”

“अन् लोक उठून गेले तं? जळगावची मानसं येतेत. पाटील येते.”

“तं आपन दोघं राहू.”

निवृत्तीनं खाली पाहिलं. लुगडं नेसून भर जत्रेत तोंड मिटून उभं राहायचं, समोर माणूस मान तिरपी करून उभा, आणि त्याच्या पोटात काय आहे ते ठाऊक नाही. ओंडक्यावर तोल सांभाळणं याच्यापुढं सोपं. पण हा गडी उकंडजीच्या घरातून गेला तर तो दुसऱ्या कुठल्याच घरात आपल्यासमोर उभा राहणार नाही, हेही त्याला दिसत होतं. खड्ड्यात राहील, पाठ लावील, फळी सरळ निघेल. बोलणार मात्र नाही.

“थांबतो,” तो म्हणाला.

जत्रेच्या दिवशी वाघ आला, गेला. साहेब घसरून पडला. मग बाज आणून मधे ठेवली आणि नजीर तिच्यावर येऊन बसला. एवढ्यावरच हशा सुरू झाला. वर्षभर उकंडजी अंगणातच राहिला होता, हे लोकांना कळलं. कोणी ओरडलं, “उकंडजी, थंडीत लय हाल झाले असतीन!”

सारजा आली. निवृत्ती खाकरला नाही. हे त्यानं ठरवलं होतं. पायऱ्यांवरून लोकच खाकरले, तिला आठवण द्यायला. तिनं कमरेवरची घागर उतरवली, जराशी आपटली. बायकांत बसलेल्या गोजरबाईनं तोंड फिरवलं, पण ओठ हलला.

“असं किती दिवस?” सारजा खालच्या आवाजात म्हणाली. “घरात येता का बाहीरच राहता?”

नजीरनं मान तिरपी केली. “थांब, पाहू दे.”

हशा उसळला. निवृत्तीच्या हाताला सवय होती. उलथणं खांद्यापर्यंत उचललं गेलं. त्यानं ते तिथंच धरलं. मग खाली घेतलं, कमरेला खोचलं आणि उभा राहिला. हशा चालला. ओसरला. मागून पुन्हा कोणी सुरू केला, तोही ओसरला. मुलं ओरडली, “हान ना सारजे!” निवृत्ती उभाच. पाटलांनी कोणाला तरी हळूच काही विचारलं. दोन-चार माणसं उठून रेवड्यांच्या दुकानाकडं गेली. लुगड्याच्या आत निवृत्तीच्या पाठीला घाम फुटला, ओंडका चिरताना फुटतो त्याहून जास्त. नजीर मान तिरपी करून बसलेला. त्याला उत्तर आठवतंय की नाही, हेही कळेना.

पुढून रामराव तेली ओरडला, “उकंडजीले झोप लागली!” पुन्हा हशा. आता सारजेनं हात वर केला. मारायला नाही. लोकांकडं तळवा केला. “हसा नोका जी. मले ऐकायचं हाय.”

लोक गप्प झाले. असं सारजा कधी बोलली नव्हती.

“बाहीरच बरं हाय,” उकंडजी सावकाश म्हणाला. “आत होतो तवा तू ताट आदळे, अन् मले वाटे, हे बाई मले जेवू घालून कटाळली. बाहीर आलो तं फटीतून दिसते ना. दिवा लागला का तू दोन ताटं मांडते. एकात वाढते. दुसरं रिकामं ठेवते. अन् त्या रिकाम्या ताटाले शिव्या देऊन देऊन जेवते.” तो थांबला. “मी म्हनलं, सारजा शिव्या ताटालेच देऊन राह्यली, तं आपन कायले आत जाऊन मधात यावं?”

हशा आला, पण तो नेहमीचा नव्हता. बायकांकडून आला, आणि त्यात काही आवाज हसण्याचे नव्हते. मनकर्णाबाईनं पदराचं टोक डोळ्याला लावलं आणि लगेच काढलं, कोणी पाहू नये म्हणून. सारजेला उत्तर द्यायचं होतं. निवृत्तीजवळ नव्हतं. इतक्या सालांत पहिल्यांदा सारजा भर जत्रेत निरुत्तर उभी होती.  

“घे व बाई आत त्याले!” तानुबाई ओरडली.

“घे आत! घे!” बायकांचा गलका झाला.

सारजेनं बाजेचं एक टोक धरलं. उकंडजी तिच्यावर बसलेला. बाज हलली नाही. “उठा आता,” सारजा म्हणाली, “का तुम्हालेही उचलू?” उकंडजी उठला, त्यानं दुसरं टोक धरलं आणि दोघं बाज घेऊन देवळाच्या बाजूला गेले. सोंग संपलं.

गावाचं मत एक झालं नाही. पाटील म्हणाले, बरं होतं, पण मारामारी हवी. जळगावची माणसं म्हणाली, यंदा रंगलं नाही. रामराव तेल्याला वाटलं, आपण उभे राहिलो असतो तर रंगलं असतं. बायकांनी मात्र ते ताट घरोघर नेलं. त्या संध्याकाळी बऱ्याच घरांत नवऱ्यांना जेवताना उगीच ऐकून घ्यावं लागलं. मोताळ्याच्या सोयऱ्यांपैकी एक जण जत्रेला आला होता. जाताना तो नजीरजवळ थांबला आणि म्हणाला, “मामू, निकाहची तारीख बद्रुभाईनं काढली. तुमचं काय म्हननं?” नजीरनं मान तिरपी केली. माणूस थांबला. “चांगली हाय,” नजीर म्हणाला, “पन पोरीले इचारा.”

हे निवृत्तीनं लांबून पाहिलं. काय बोलणं झालं ते ऐकू आलं नाही आणि त्यानं विचारलंही नाही.

दुसऱ्या दिवशी ओंडका नवा होता, गाठीचा. निवृत्तीनं दोरी गेरूत बुडवली, ताणली, सोडली; रेघ उमटली. नजीर खड्ड्यात उतरला, डोक्याला फडकं बांधलं, खालची मूठ धरली. पहिला हात घेण्याआधी त्यानं वर पाहिलं.

“काल लय थांबला तू.”

“तूच म्हनला ना, थांब म्हनून!”

“म्हनलो. पन एवढं नाही. एवढ्यात मानूस इसरते. मले मधात ताटाचं आठवेच ना. बकरीच आठवे.”

“मंग किती थांबू?”

नजीरनं मान तिरपी केली. निवृत्ती आरा उचलून धरून उभा राहिला. आऱ्याचं वजन खांद्यात उतरू लागलं, तरी तो बोलला नाही.

“हशा बसला,” नजीर शेवटी म्हणाला, “का एक दम घ्यायचा, सोडायचा. मंग मी बोलतो. पुढच्या साली एवढंच.”

“बरं,” निवृत्ती म्हणाला. नजीरनं आरा ओढला.